डेटाबेस फुकटचाच हवाय, पण कुठला?

प्रश्न : नमस्कार. आम्ही दोघं चुलतभाऊ, इचलकरंजीचे, घरचे माग आहेत. खर्चीवाले (मजुरीवर कापड विणून देणारे) यंत्रमागधारक आणि व्यापारी यांच्यातला हिशोब ठेवणारं सॉफ्टवेअर करायचंय, म्हणजे सूत किती आलं, बीम (ताण्याचे धागे गुंडाळलेला रूळ) किती, कापड किती मीटर गेलं, मजुरी किती झाली. ते आमच्याच सर्व्हरवर ठेवून महिन्याच्या फीवर द्यायचा विचार आहे. डेटाबेसवर पैसे घालायचे नाहीत. भाऊ म्हणतो मायएसक्यूएल, वेबसाइटवाला पोरगा म्हणतो मोंगोडीबी, नेटवर बघावं तर सगळे पोस्टग्रेस पोस्टग्रेस करतायत. स्पीडचे तक्ते बघून डोकं फिरलंय. कुठला घेऊ? आणि ओपन सोर्स म्हटल्यावर पुढे कधी पैसे मागणार नाहीत ना?
— एक वाचक, इचलकरंजी

उत्तर : ते स्पीडचे तक्ते आधी बाजूला ठेवा. शंभर-दोनशे कारखाने जोडले गेले तरी दिवसाला काही हजार नोंदी होतील, तेवढं यातला कुठलाही डेटाबेस साध्या सर्व्हरवर आरामात ओढतो.

लायसन्सचं मात्र बरं विचारलंत, कारण लोक तेच विचारत नाहीत. ओपन सोर्स असलं, म्हणजे कोड सगळ्यांना खुला असला, तरी मालक कोण ते बघायचं. मायएसक्यूएल स्वीडनच्या कंपनीचं, २००८ मध्ये ते सन या कंपनीने घेतलं आणि २०१० मध्ये सनलाच ओरॅकलने घेतलं, तेव्हा मूळ लेखकांपैकी एकाने त्याच कोडवरून मारियाडीबी काढलं होतंच. मोंगोडीबीने २०१८ मध्ये लायसन्स बदललं, नव्या लायसन्सला ओपन सोर्स ठरवणाऱ्या संस्थेची मान्यता नाही. रेडिस या दुसऱ्या एका डेटाबेसनेही २०२४ मध्ये तसंच केलं, लगेच लोकांनी जुन्या कोडवरून वाल्की उभं केलं आणि २०२५ मध्ये रेडिसला पुन्हा एक ओपन सोर्स लायसन्स द्यावं लागलं. तुम्ही स्वतःच्या सर्व्हरवर हिशोबाचं सॉफ्टवेअर चालवणार म्हणून यातलं बरंचसं तुम्हाला थेट लागत नाही, मोंगोची अट मुख्यतः मोंगोच सर्व्हिस म्हणून विकणाऱ्यांसाठी आहे. पण उद्या एखाद्या मोठ्या व्यापाऱ्याच्या ऑफिसात सॉफ्टवेअर आणि मायएसक्यूएल एकत्र बसवून विकायचं ठरलं तर जीपीएलच्या (मायएसक्यूएलच्या फुकट आवृत्तीचं लायसन्स) अटी वकिलाकडून वाचून घ्या. पोस्टग्रेसचं लायसन्स अगदी सैल आहे, विका, बदला, कोणी विचारत नाही. १९८६ मध्ये बर्कली विद्यापीठात सुरू झालेला प्रोजेक्ट, १९९६ पासून आजचं नाव, आणि कुठल्याही एका कंपनीच्या मालकीचा नाही, त्यामुळे कोणी विकत घेऊन अटी फिरवेल ही भीती जवळपास नाहीच.

आता तुमचं काम बघू. पार्टी, बीम, चलन, बिल हे सगळं एकमेकांत अडकलेलं आहे. नसलेल्या पार्टीच्या नावावर चलन चढताच कामा नये, आणि बीमवरचे मीटर कमी झाले पण मजुरी जमा व्हायच्या आत लाइट गेली असं झालं तर दोन्ही नोंदी रद्द व्हायला हव्यात. हे पोस्टग्रेस आणि मायएसक्यूएल दोघंही स्वतः सांभाळतात. मोंगोत अशी ट्रान्झॅक्शन, म्हणजे अनेक नोंदी होतील तर सगळ्या नाहीतर एकही नाही, २०१८ पासून आहेत, पण पार्टी खरंच आहे का हे तपासायचं काम तुमच्या कोडवर पडतं, हिशोबासाठी मी तरी ते अंगावर घेणार नाही. आणि मजुरी पिकावर (कापडातल्या आडव्या धाग्यांच्या मोजणीवर) ठरते, पैशाचे अपूर्णांक येतात, म्हणून रक्कम कधीही फ्लोट या अंदाजे आकडा ठेवणाऱ्या प्रकारात ठेवू नका, अचूक ठेवणारा न्यूमेरिक किंवा डेसिमल घ्या, नाहीतर महिनाअखेरीला पैसा-दोन पैशांचा फरक शोधत बसाल.

मायएसक्यूएल घेतलं तर एक जुना खड्डा आहे. त्यातलं साधं यूटीएफ८ (अक्षरं साठवायची पद्धत) तीन बाइटचं, देवनागरी नीट बसते पण कोणी शेऱ्यात इमोजी टाकला की एरर. यूटीएफ८एमबी४ हवं, ८.० पासून तेच डिफॉल्ट आहे. स्वस्त होस्टिंगवर अजून ५.७ देत असतील तर घेऊ नका, त्याचा सपोर्ट २०२३ मध्येच संपला.

पोस्टग्रेसमध्येही कटकटी आहेत. प्रत्येक कनेक्शनला वेगळी प्रोसेस, म्हणून गर्दी वाढली की थोडीच कनेक्शन सगळ्यांना वाटून देणारा पीजीबाउन्सर पुढे लावावा लागतो. दरवर्षी नवी मोठी आवृत्ती येते, प्रत्येकीला ५ वर्षं सपोर्ट, म्हणजे मधे कधीतरी अपग्रेडसाठी एक रात्र काढून ठेवा.

माझं मत पोस्टग्रेस. पण भावाने मायएसक्यूएलवर खरंच कामं केली असतील तर ८.४ घ्या आणि पुढे चला, रात्री अडलं तर उठून बसणारा तोच असणार.

ठरवायच्या आधी बॅकअप परत आणून बघा, नुसता घेऊन नाही. गिटलॅबसारख्या कंपनीत जानेवारी २०१७ मध्ये एका इंजिनिअरने चुकून चालू डेटाबेसचाच फोल्डर उडवला, पोस्टग्रेसच होता, आणि मग कळलं की रोजचा बॅकअप आवृत्तीच्या गोंधळामुळे बनतच नव्हता. कोणीतरी सहा तास आधी सहज काढलेल्या स्नॅपशॉटवर (त्या क्षणाच्या डेटाच्या नकलेवर) ते वाचले, तरी मधल्या सहा तासांचा डेटा गेलाच.

तर घरच्या वह्यांतलं एका पार्टीचं अख्खं वर्ष पोस्टग्रेस आणि मायएसक्यूएल दोन्हींत भरा, महिन्याची मजुरीची बिलं काढा, नोंद चालू असताना मशीन बंद करा, मग सगळं उडवून बॅकअपवरून परत उभं करा आणि वही शेजारी घेऊन आकडे जुळवा. वेबसाइटवाल्या पोरालाही बोलवा, मोंगोत तेच बिल तुमच्यासमोर काढून दाखव म्हणावं.