नॉर्वेसारखी सॅल्मनची शेती गोव्यातल्या किनारी गावांना रोजगार देईल का?

नाही, सॅल्मन गोव्यात जमणार नाही. त्याला साधारण 8 ते 14 अंशांचं थंड पाणी लागतं आणि आपला समुद्र वर्षभर त्याहून बराच उबदार असतो. (बाजारात ‘इंडियन सॅल्मन’ म्हणतात तो आपला रावस, वेगळा मासा.) घेण्यासारखी आहे ती नॉर्वेतली पैशाची वाटणी. मासे वाढवण्याच्या समुद्रातल्या पिंजऱ्यांवरच्या कामाशिवाय बीज, खाद्य, प्रक्रिया यांतूनही गावांना काम मिळतंच, पण परवान्यांच्या उत्पन्नातला वाटा तिथल्या किनारी पालिकांना जातो. आपल्याकडेही असंच काहीसं आहे: खाजनातल्या (खाडीकाठच्या, बांध घालून राखलेल्या जमिनीतल्या) मानशीच्या, म्हणजे बांधातल्या पाण्याच्या दाराजवळच्या, मासेमारीची पावणी (लिलाव) होते, तो पैसा बांधांच्या देखभालीला लागावा हाच त्यामागचा हेतू. मात्र एकाच माशावर विसंबणं धोक्याचं: चिलीत 2007 मध्ये सॅल्मनवर विषाणूची साथ आली आणि हजारो कामगारांचा रोजगार गेला.