उन्हाळ्यात पीएचसीला जायचंय, पण रिसर्च कशावर करू?

या वेळी तीन पत्रं घेतलीत, तिन्ही मेडिकलच्या पोरांची आणि त्यांच्या घरच्यांची. पहिल्याचं उत्तर लांबलंय, सांभाळून घ्या.

प्रश्न: मॅडम, मी पुण्यात एमबीबीएसच्या दुसऱ्या वर्षाला आहे. मे महिन्यात तीन आठवडे मोकळे मिळतायत, बाबांच्या ओळखीने गडचिरोली जिल्ह्यातल्या एका पीएचसीत (प्राथमिक आरोग्य केंद्रात) राहायची सोय होतेय. मित्र म्हणतात आयसीएमआरचं (भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषदेचं) एसटीएस, म्हणजे शॉर्ट टर्म स्टुडंटशिप, असेल तरच उपयोग, नुसतं जाऊन काय मिळणार. मी विषय पण काढलाय, 'आदिवासी समाजाचा आरोग्याकडे बघण्याचा दृष्टिकोन'. फॉर्म कसा बनवू?

उत्तर: फॉर्म राहू दे, आधी तो विषयच खाली ठेव. रागावू नकोस, पण मी तिकडे पाच वर्षं एमओ (मेडिकल ऑफिसर) होते आणि मला आमच्या सिस्टरचा दृष्टिकोन नीट कळायला त्यातली दोन गेली, तू तीन आठवड्यात अख्ख्या समाजाचा कसा काढणार गं?

एसटीएस चांगलीच स्कीम आहे, १९७९ पासून चालू आहे, विद्यार्थ्याला दोन महिन्यांचा छोटा रिसर्च करायला मिळतो. पण त्याला गाइड लागतात, आधी प्रपोजल जातं, एथिक्स कमिटीची मंजुरी लागते, ते एप्रिलमध्ये आठवण होऊन मेमध्ये उरकायचं काम नाही. तुझ्याकडे तर तीनच आठवडे आहेत. यंदा नुसती जा, आणि पुढच्या वर्षीच्या प्रपोजलचा प्रश्न तिथून घेऊन ये.

आता मे महिन्यात तिकडे काय असतं ते ऐक. तेंदूपत्त्याचा सीझन. माणसं अंधारात उठून जंगलात जातात, तू दहा वाजता प्रश्नावली घेऊन गावात गेलीस तर म्हातारी माणसं आणि कोंबड्या भेटतील, मग पोरं रिपोर्टमध्ये लिहितात 'प्रतिसाद कमी मिळाला'. अगं प्रतिसाद जंगलात होता! दुपारी सगळे परत येतात आणि सावलीत बसून सत्तर-सत्तर पानांचे पुडके बांधतात, तेव्हा जाऊन बस. हात कामात असले की माणसं मोकळी बोलतात. तूही बांधायला घे, पहिले चार-पाच सुटतील, बायका हसतील, हसू देत. माडिया किंवा गोंडी येत नसेल तर आशाताईला सोबत घे, पण तिच्या वेळेने जा, तिलाही पत्ता तोडायचा असतो, तिचं घर काही तुझ्या प्रोजेक्टवर चालत नाही.

आणि मला वाटतं तुझा प्रश्न यातच आहे. पीएचसीत बीपीच्या पेशंटचं रजिस्टर असतं, कोण कधी गोळ्या घेऊन गेलं ते त्यात कळतं. एप्रिलपर्यंत नियमित येणारे किती जण मेमध्ये आलेच नाहीत? ते मोज. मग त्यातल्या पंधरा-वीस जणांना विचार का नाही आलात. कोणी म्हणेल पत्ता तोडायला गेलो, कोणी म्हणेल बरं वाटत होतं म्हणून सोडल्या, कोणी म्हणेल आलो होतो पण गोळ्याच संपल्या होत्या (हे उत्तर आलं तर तेही लिही, गाळू नकोस). यातून उद्या एमओ ठरवू शकतात की सीझनआधी दोन महिन्यांच्या गोळ्या देता येतील का. एवढा छोटा प्रश्न, पण तो उन्हाळ्यात तिथे असलेल्या माणसालाच पडू शकतो.

छोटा प्रश्न म्हणजे हलका प्रश्न असं नाही हं. डॉ. हिंमतराव बावस्कर कोकणात बिरवाडीच्या पीएचसीत होते तेव्हा विंचू चावलेले पेशंट डोळ्यांदेखत जायचे. त्यांनी काय केलं, तर पेशंटच्या उशाशी बसून राहिले आणि तासातासाला काय बदलतं ते लिहीत गेले, घाम, उलटी, थंड पडलेले हातपाय, नाडी. १९८२ ला ते लॅन्सेट या मेडिकल जर्नलमध्ये छापून आलं, पुढे प्राझोसिन या औषधाचा उपचार उभा राहिला.

परवानगीचं मात्र आत्ताच बघ. रजिस्टर बघायलासुद्धा एमओंची आणि जिल्हा आरोग्य अधिकाऱ्यांची लेखी परवानगी घे, आणि पुढे छापायचा विचार असेल तर कॉलेजच्या एथिक्स कमिटीकडे आधी जा, नंतर जाऊन चालत नाही. वहीत पेशंटचं नाव नको, नंबर टाक. फोटो तर नकोच. निघायच्या आधी जे सापडलं ते पीएचसीच्या मीटिंगमध्ये पाच मिनिटं सांगून ये, आमच्याकडे कितीतरी पोरं माहिती घेऊन गेली, एकानेही परत काही कळवलं नाही, सिस्टर अजून त्यावरून टोमणे मारतात.

प्रश्न: माझा मुलगा नागपूरला मेडिकलला आहे. सुट्टीत घरी यायचं सोडून मेळघाटात जायचं म्हणतोय. ऊन, साप, मलेरिया, फोन लागत नाही. पाठवू का?

उत्तर: ताई, पाठवा. तो डॉक्टर होणार, इंटर्नशिपमध्ये बारा आठवडे कम्युनिटी मेडिसिन (गाव-वस्तीतल्या आरोग्याचं काम) आहेच, त्याआधी जरा सवय झालेली बरी. मच्छरदाणी, टॉर्च आणि बंद बूट द्या, बूट घालताना झटकायला सांगा. बारा ते चार बाहेर फिरायचं नाही. फोनचं म्हणाल तर पीएचसीचा नंबर घ्या आणि रोज नको, दोन दिवसांनी करा. तिकडे लोक कोरकू बोलतात, दहा-वीस शब्द शिकून आला तर समजा सुट्टी वसूल.

प्रश्न: मी पण दुसऱ्या वर्षाला आहे. गावात स्टाफ कमी असतो, तर मला इंजेक्शन द्यायला मिळतील ना? प्रॅक्टिस होईल.

उत्तर: नाही. स्टाफ कमी आहे म्हणून गावातल्या माणसाचा दंड तुझ्या प्रॅक्टिससाठी नाही. आता तू म्हणशील गडचिरोलीत 'सर्च' या आरोग्य संस्थेच्या कामात गावातल्या बायकांनी तर इंजेक्शनं दिली. दिली ना, ३९ गावांत, आजारी तान्ह्या बाळांना दिली, आणि बालमृत्यू कमी झाले ते १९९९ ला लॅन्सेटमध्ये आलं. पण त्यांना आधी ट्रेनिंग होतं आणि नंतर सतत देखरेख होती. तू त्यांच्याकडून दुसरी गोष्ट शीक, बाळाचे श्वास मोजणं. घड्याळ लावून पूर्ण एक मिनिट, बाळ शांत असताना. दोन महिन्यांच्या आतल्या बाळाला ६० किंवा जास्त, एक वर्षापर्यंत ५०, पाच वर्षांपर्यंत ४०, आकडा एवढा किंवा याच्या वर गेला की लगेच एमओंना हाक मार. पहिल्या दिवशी तुझा आणि सिस्टरचा आकडा जुळणार नाही. जुळेपर्यंत मोज.