माइंडफुलनेसने खरंच फायदा होतो का? ॲपवर १० दिवस केलं पण डोकं काही शांत होत नाही

तुमच्या प्रश्नातलं दुसरं वाक्य वाचून हसू आलं, तुमच्यावर नाही हो, मी पण आमच्या समुपदेशक मॅडमना शब्दशः हेच बोललो होतो, "मॅडम, डोकं शांतच होत नाही." त्यांनी विचारलं, डोकं भरकटलंय हे कळलं कधी? म्हटलं बसल्यावर दोन-तीन मिनिटांनी कळतं, मग परत श्वासावर येतो, परत जातं. तर म्हणाल्या, "मग जमतंय की, अजून काय पाहिजे?"

मला तेव्हा वाटलं टाळतायत. पण सगळी गोम तिथेच आहे. माइंडफुलनेस म्हणजे आत्ता जे चाललंय त्यावर लक्ष ठेवायचं, आणि मन भरकटलं की ते ओळखून परत आणायचं, एवढंच.

माझं थोडक्यात सांगतो. बँकेत लोन सेक्शनला आहे, पुण्यात. चार वर्षांपूर्वी मार्च एंडच्या आसपास रात्री तीनला टक्क जाग यायला लागली आणि मग पहाटेपर्यंत डोक्यात एकच कॅसेट, अमुक फाइल मी पास केली ती ऑडिटला निघणार, माझ्यावर येणार, नोकरी जाणार, पोरीची फी कशी भरणार. मार्च संपला, एप्रिल आला, कॅसेट चालूच. डॉक्टरांनी तपासून गोळी दिली आणि सोबत माइंडफुलनेसचा आठ आठवड्यांचा ग्रुप लावला, आठवड्यातून एकदा अडीच तास, आणि घरी रोज पाऊण तास. पाऊण तास! घरचे म्हणाले एवढा वेळ भाजी निवडायला दे.

पहिल्याच दिवशी प्रत्येकाच्या हातावर एक बेदाणा ठेवला. मी तासगावकडचा, आमची बेदाण्याची शेड आहे, शाळेच्या सुट्ट्या बेदाण्याच्या काड्या काढण्यात गेल्यात, मला बेदाणा काय दाखवताय असं झालं. तर आधी नुसता बघायचा, बोटात फिरवायचा, कानाशी नेऊन दाबायचा, वास घ्यायचा, मग जिभेवर ठेवायचा आणि चावायचा नाही. आणि खरं सांगतो, दाबल्यावर बारीक चरचर ऐकू येते हे मला माहीतच नव्हतं. उजेडात धरला तर आत मधासारखा पिवळा रंग आणि सुरकुत्यांच्या कडा जरा काळपट. चावायच्या आधीच तोंडाला पाणी सुटलं. टनावारी माल डोळ्यांदेखत गेला आणि एक दाणा कधी धड खाल्ला नव्हता. बाबांना फोनवर सांगितलं तर म्हणाले एका बेदाण्याला पाच मिनिटं लावली तर आमचा माल खपायचा कधी.

हा बेदाण्याचा प्रकार आणि आठ आठवड्यांचा साचा जॉन कबात-झिन यांचा. अमेरिकेत मॅसॅच्युसेट्स विद्यापीठाच्या मेडिकल स्कूलमध्ये १९७९ला त्यांनी सुरू केला, आणि सुरुवातीला डॉक्टर पाठवायचे ते जुनाट दुखणी असलेले पेशंट, ज्यांना औषधाने फार फरक पडत नव्हता असे. दुखणं जाईल असं वचन नव्हतंच. पोटात दुखतंय हे एक, आणि दुखतंय म्हणजे नक्की काहीतरी भयंकर असणार, आता माझं काही खरं नाही, हे त्याला चिकटलेलं दुसरं, ही दोन वेगळी दिसायला लागली की दुसऱ्याचा भार हलका होतो.

मूळ अर्थात बौद्ध आहे. पालीतल्या 'सति' शब्दाला १८८१मध्ये पालीचे अभ्यासक ऱ्हीस डेव्हिड्स यांनी माइंडफुलनेस हा इंग्रजी शब्द वापरला. सति म्हणजे स्मृती, आठवण. मराठीत त्याला सजगता म्हणतात पण मला तो शब्द सरकारी परिपत्रकातला वाटतो, आपल्याकडे 'भान' आहे ना चांगला. दूध उतू गेल्यावर आई ओरडते "भानावर आहेस का", तेच हे. म्हणजे बघा, भानावर यायचंय, शांत व्हायचं नाहीये. शांतता आली तर आली, बोनस.

आता मानसशास्त्र काय म्हणतं. हार्वर्डच्या किलिंग्सवर्थ आणि गिल्बर्ट यांनी २०१०मध्ये साधारण सव्वादोन हजार लोकांना फोनवर अधूनमधून विचारलं, आत्ता काय करताय, मन कुठेय, आणि कसं वाटतंय. जवळपास ४७ टक्के वेळा मन भलतीकडेच होतं, आणि तेव्हा माणसं कमी खूश होती. गंमत म्हणजे छान छान गोष्टींचा विचार करत असली तरी हातातल्या कामात असलेल्यांपेक्षा जास्त खूश नव्हती.

पण मला सगळ्यात पटलं ते डिप्रेशनचं काम. सीगल, विल्यम्स आणि टीसडेल हे तिघं मानसशास्त्रज्ञ शोधत होते की डिप्रेशनमधून बरं झालेलं माणूस परत का पडतं. त्यांचं म्हणणं असं की ज्याला हे बऱ्याचदा झालंय त्याच्यात साधी उदासी आली तरी जुन्या विचारांची अख्खी माळ ओढली जाते, मी बेकारच, माझं काही होणार नाही वगैरे, आणि माणूस त्या विचारांना बातमी समजतो. त्यांनी माइंडफुलनेस जोडून एक उपचार बनवला, आणि २०००च्या अभ्यासात तीन किंवा जास्त वेळा डिप्रेशन येऊन गेलेल्यांत परत पडण्याचं प्रमाण नुसत्या नेहमीच्या उपचारावर ६६ टक्के होतं, हा उपचार जोडल्यावर ३७ टक्के. दोनदाच झालेल्यांना मात्र काही फरक नाही! म्हणजे माळ जुनी आणि घट्ट असेल तिथेच हे तोडायला कामी येतं.

माझ्या कॅसेटचं तेच झालं. "नोकरी जाणार" या जागी "नोकरी जाणार असा विचार आलाय" एवढंच म्हणायला शिकलो. ऐकायला पोरकट वाटेल, मलाही वाटलं. विचार यायचा थांबला नाही, अजूनही मार्चमध्ये येतो, पण आता तीनला जाग आली तर पाठीखालची गादी, पंख्याचा आवाज, पोट वरखाली होतंय, यावर येतो, कधी झोप लागते कधी नाही, पण पोरीच्या फीपर्यंत गाडी जात नाही.

आणि आता दुसरी बाजू, नाहीतर मी ॲपवाल्यांचा एजंट वाटेन. २०१४ला जॉन्स हॉपकिन्सच्या लोकांनी ध्यानाच्या ४७ चाचण्या एकत्र तपासल्या, तर चिंता, उदासी आणि दुखणं यात बेताचा फायदा दिसला, व्यायाम किंवा औषधापेक्षा भारी ठरेल असा पुरावा नाही, आणि झोपेबद्दल तर पुरेसा पुरावाच नाही (आणि मी झोपेच्याच गोष्टी सांगतोय!). २०२२मध्ये चिंतेच्या २७६ पेशंटवर आठ आठवड्यांचा कोर्स आणि एस्सिटालोप्राम ही नेहमीची गोळी यांची तुलना झाली, दोन्ही जवळपास सारखे. त्याच वर्षी ब्रिटनमधल्या शाळांत ११ ते १३ वयाच्या आठ हजारांवर मुलांना वर्गात माइंडफुलनेस शिकवून बघितलं, नेहमीच्या शिकवण्यापेक्षा काही जास्त फायदा नाही, बहुतेक पोरांनी घरी सराव केलाच नव्हता. आता पोरंच ती.

सगळ्यांना मानवतंच असंही नाही. माझा मावसभाऊ इगतपुरीला दहा दिवसांच्या विपश्यनेला गेला, पहाटे चारची घंटा, मौन, पहिले तीन दिवस नुसता श्वास, आणि येऊन म्हणाला आयुष्यात एवढं हलकं कधी वाटलं नव्हतं. पण मनावर जुना आघात असेल किंवा मोठा मानसिक आजार असेल तर डोळे मिटून बसल्यावर उलट घाबरायला होऊ शकतं, तिथे अर्जातच मानसिक आजाराबद्दल विचारतात ते उगाच नाही. तसं काही असेल तर एकट्याने सुरू करू नका.

तुमच्या १० दिवसांचं म्हणाल तर ते कमीच आहेत, आणि ॲपमधला स्ट्रीकचा आकडा, म्हणजे सलग किती दिवस केलं तो, बघणं बंद करा, मला त्याचंच टेन्शन यायला लागलं होतं. मी आता दहा मिनिटं बसतो आणि एक काम भानावर राहून करतो, सकाळचा चहा, फोन आतल्या खोलीत ठेवून. चालताना, भांडी घासताना पण चालतं, मांडी घालूनच पाहिजे असं काही नाही. आणि गोळ्या चालू असतील तर बरं वाटतंय म्हणून स्वतःच्या मनाने सोडू नका, मी सोडल्या होत्या, तीन आठवड्यांत परत डॉक्टरांच्या दारात.