वाचकांचे प्रश्न: घरच्या बागेची पहिली वाइन चाखायला जाताना

नाशिक, दिंडोरी, निफाडच्या लहान बागांतल्या वाइनबद्दल आलेल्या पत्रांतले काही प्रश्न या वेळी घेतले आहेत.

प्रश्न: दिंडोरीजवळ माझ्या मामांची वाइन-द्राक्षांची बाग आहे. यंदा त्यांनी पहिल्यांदाच स्वतःची वाइन बाटलीत भरली आणि आम्हा भाचरांना चाखायला बोलावलंय. कधी जाणं बरं? (ठाणे)

आधी मामांना विचारा, बाटल्या कोणत्या तारखेला भरल्या? भरताना वाइन पंपातून, फिल्टरमधून जाते, थोडी हवा खाते आणि त्याच वेळी तिच्यात सल्फाइट हे टिकाऊपणासाठीचं रसायनही पडतं. त्यानंतरचे काही आठवडे ती मिटून राहते. वास दबलेला आणि चव तुटक लागते. भरून दहा दिवसही झाले नसतील तर निवाडा करायला बसू नका. सहा ते आठ आठवडे जाऊ दिलेत तर मामांच्या कष्टाला न्याय मिळेल.

बागही बघायची असेल तर नाशिकचं चक्र लक्षात घ्या. एप्रिलमध्ये खरड छाटणी होते, म्हणजे नव्या काड्या तयार होण्यासाठीची, आणि पावसाळा सरता सरता, सप्टेंबर-ऑक्टोबरात, गोडी छाटणी, म्हणजे घड येण्यासाठीची. वाइन-द्राक्षांची तोडणी साधारण जानेवारीच्या शेवटापासून मार्चपर्यंत चालते. त्याच हंगामाची व्हाइट वाइन जुलै-ऑगस्टपर्यंत बाटलीत येऊ शकते, पण तेव्हा वेलावर घड नसतात, नुसता पाला असतो. घड आणि वाइन दोन्ही हवं असेल तर फेब्रुवारीत जा. मात्र चाखायला मिळेल ती आदल्या तोडणीची वाइन. या दिवसांत घरची माणसं पहाटेपासून क्रेट उचलत असतात, म्हणून मुक्काम टाकू नका. आंबवणीच्या टाकीत डोकावण्याचा मोहही आवरा. एक लिटर रस आंबताना पन्नासेक लिटर कार्बन डायऑक्साइड सुटतो, तो हवेपेक्षा जड असल्याने टाकीच्या तोंडाशी आणि बंद खोलीत खाली साठतो आणि माणूस क्षणात बेशुद्ध पडू शकतो. मुलं बरोबर असतील तर हे त्यांना आधीच बजावून ठेवा.

सकाळी अकराच्या सुमाराची वेळ उत्तम. नाष्टा करून जा, पण नाशिकची मिसळ परतीच्या वाटेवर खा. तर्रीने बधिर झालेल्या जिभेला व्हाइट वाइनमधलं काहीच कळत नाही. अत्तर, पान, सुपारी आणि पुदिन्याची टूथपेस्टही त्या सकाळी नको.

प्रश्न: चाखायचं म्हणजे नेमकं काय करायचं? आम्हाला सगळ्या वाइन सारख्याच लागतात. (सांगली)

एका वेळी ३० मिलीच घ्या, पुरते. ग्लास देठाचा आणि तोंडाशी निमुळता असावा, आणि तो एक तृतीयांशाहून जास्त भरू नये. क्रम असा ठेवा: आधी स्पार्कलिंग (फेसाळ), मग सॉव्हिन्यों ब्लांसारखी कोरडी, म्हणजे गोडी नसलेली, व्हाइट, मग किंचित गोड शनां ब्लां, रोझे, शेवटी शिराझ किंवा कॅबरने. क्रम उलटा केला तर रेडच्या तुरटपणानंतर व्हाइट पाण्यासारखी लागते.

आधी पांढऱ्या कागदावर ग्लास तिरका धरून रंग बघा. मग न हलवता एकदा वास घ्या आणि ग्लास गोल फिरवून पुन्हा घ्या. या दोन वासांतला फरकच पुष्कळ सांगून जातो. मग घोट तोंडात घेऊन जिभेच्या कडांपर्यंत फिरवा. कडांना पाणी सुटलं तर आम्लता चांगली आहे. कच्चं जांभूळ खाल्ल्यावर जीभ आवळते तसं हिरड्यांना झालं तर ते टॅनिन. घशाशी ऊब आली तर ते अल्कोहोल. घोट थुंकायला भांडं मागा. त्यात अपमान नाही, वाइन करणारेही तेच करतात.

तापमानात बहुतेक घरं चुकतात. व्हाइट ८ ते १० अंशांना द्यावी, रेड १६ ते १८ अंशांना. रेडबद्दल सांगितलं जाणारं ‘खोलीचं तापमान’ युरोपातल्या थंड खोल्यांचं आहे. आपल्याकडच्या ३२ अंशांत शिराझमधून नुसतं अल्कोहोलच नाकात जातं. रेडची बाटली अर्धा तास फ्रिजमध्ये ठेवली की फरक पडतो. उलट व्हाइट फार गार असेल तर दोष लपतात, म्हणून दुसरा घोट तिचा गारवा थोडा उतरल्यावर घ्या.

प्रश्न: वाइन नवीन म्हणून तशी लागते की बिघडली आहे, हे कसं ओळखायचं? (पुणे)

पहिल्या वाइनबाबत हाच प्रश्न महत्त्वाचा आहे. ती थोर असावी अशी अपेक्षा ठेवू नये, पण ती स्वच्छ असायलाच हवी.

कुजलेल्या अंड्याचा वास पहिल्या खेपेला सर्रास भेटतो. यीस्टला रसातला नायट्रोजन कमी पडला की हायड्रोजन सल्फाइड तयार होतो. आपल्याकडे आणखी एक कारण असतं. भुरी या बुरशीच्या रोगासाठी मारलेलं गंधक तोडणीच्या फार जवळ फवारलं गेलं, तर ते मण्यांवरून थेट टाकीत उतरतं. ग्लास जोरात फिरवून पाच मिनिटांत वास उडाला तर काळजी नको. नाही उडाला तर तांब्याची स्वच्छ तार ग्लासात बुडवून पुन्हा वास घ्या. तो नाहीसा झाला तर निदान पक्कं. तार घातलेला ग्लास मात्र पिऊ नका.

व्हिनेगर किंवा नेलपॉलिशचा वास आला तर ॲसिटिक आम्लाचे जिवाणू शिरलेत. फुटलेले मणी उन्हात क्रेटमध्ये पडून राहिले, किंवा टाकी अर्धवट भरलेली राहिली, की हे होतं. यावर घरगुती उपाय नाही. व्हाइट वाइन तपकिरीकडे झुकली आणि ठेचलेल्या सफरचंदाचा वास देऊ लागली तर तिला हवा लागली आहे. ओल्या पुठ्ठ्याचा कुबट वास बहुधा बुचातून येतो. तो एकाच बाटलीपुरता असू शकतो, म्हणून दुसरी उघडायला सांगा.

फेसाबाबत घाई करू नका. कोवळ्या व्हाइटमध्ये जिभेला किंचित चुणचुण लागते, ती फिरवल्यावर जाते आणि तो दोष नाही. पण वाइन गढूळ आहे, बूच वर सरकलंय, गोडी कमी झालीय असं एकत्र दिसलं, तर उरलेल्या साखरेवर यीस्ट बाटलीतच पुन्हा कामाला लागलं आहे. गोडसर शनां भरताना बारीक फिल्टर नीट लागला नाही की ही वेळ येते. अशी खेप तातडीने बाजूला काढून थंड जागी ठेवावी लागते, कारण बाटल्या फुटू शकतात. तळाशी दिसणारे काचेसारखे खडे टार्टारिक आम्लाच्या क्षाराचे असतात, ते निरुपद्रवी.

दोष नाही पण उणीव आहे, असंही असतं. युरोपात द्राक्षं पिकत जातात तशी हवा थंड होत जाते. नाशिकला उलट, फेब्रुवारी-मार्चात ऊन चढत जातं, साखर भराभर वाढते आणि आम्लता घसरते. तोडणी आठवडाभर लांबली तर वाइन जड आणि सपाट होते. अंदाज हवा असेल तर तोडणीच्या दिवशीचा ब्रिक्स, म्हणजे रसातल्या साखरेचं माप, विचारा आणि त्याला ०.५५ ते ०.६ ने गुणा, साधारण अल्कोहोल निघतं. २२ ब्रिक्सला १२ ते १३ टक्के.

प्रश्न: नातलगांची वाइन आवडली नाही तर तोंडावर सांगावं का? (ठाण्याच्याच वाचकाचा दुसरा प्रश्न)

सांगावं, पण पंगतीत नाही. मामा एकटे असताना ‘छान’ किंवा ‘नाही आवडली’ यापेक्षा नेमकं बोला: “मामा, शनांला वास सुरेख आहे, पण शिराझ गिळल्यावर तोंडात कडवटपणा राहतो. सालीवर किती दिवस ठेवली होती?” रेड साधारण आठ-दहा दिवस सालीवर राहते, म्हणजे रस साली-बियांसकट ठेवतात. जास्त दिवस, जास्त तापमान किंवा बियांवर जास्त दाब पडला तर असा कडवटपणा येतो. पुढच्या फेब्रुवारीत मामांना बदलता येईल अशी ही गोष्ट आहे. वेल तीन-चार वर्षांचे असतील तर मुळं अजून खोल गेलेली नसतात आणि चवीला खोली कमी असते, त्याबद्दल टोकू नका. आणि घरचे म्हणून फुकट बाटल्या आणू नका. पैसे देऊन घ्या. पहिल्या खेपेत काच, बूच, लेबल आणि उत्पादन शुल्काचे कागद यांतच हात रिकामा झालेला असतो.

प्रश्न: थुंकलं नाही, सहा चाखण्या घेतल्या, तर गाडी चालवता येईल का? (नवी मुंबई)

नाही. सहा वेळा ३० मिली म्हणजे १८० मिली. १३ टक्क्यांच्या वाइनमध्ये त्यातून सुमारे १८ ग्रॅम अल्कोहोल पोटात जातं. कायद्याची मर्यादा १०० मिली रक्तात ३० मिलीग्रॅम आहे आणि ६०-७० किलोच्या माणसाला ती ओलांडायला एवढं पुरतं. चालवणाऱ्याने एकही घोट घेऊ नये.

प्रश्न: आमची थॉमसनची बाग आहे. उरलेल्या मालाची वाइन काढून सुरुवात करावी का? (निफाड)

करू नका. थॉमसन खायचं द्राक्ष. मणी मोठा, साल पातळ, बी नाही, वास मंद. वाइनचा वास आणि तुरटपणा सालीतून आणि बियांतून येतो. शिवाय एकरी दहा-बारा टन घेतलेल्या बागेतला रस पातळ असतो. वाइनसाठी एकरी तीन ते पाच टनांवरच थांबतात आणि त्यासाठी घड विरळतात. एक टनातून ६०० ते ७०० लिटर वाइन मिळते, म्हणजे ८००-९०० बाटल्या. आधी अर्ध्या एकरावर शनां किंवा शिराझ लावा, पहिली दोन-तीन वर्षं माल परवानाधारक वायनरीला द्या, आणि तिथे आपल्या मालाची वाइन वेगळ्या टाकीत करून चाखायला मिळते का बघा. परवान्याशिवाय विक्रीची वाइन घरी करणं गुन्हा आहे.

प्रश्न: बाटल्या सुरतेला बहिणीकडे नेता येतील का? घरी कशा ठेवाव्यात? (नाशिक)

गुजरातेत दारूबंदी आहे, आणि ती वाइनलाही लागू आहे. सापुताऱ्याच्या वाटेवर तपासणीत बाटली सापडली तर गुन्हा दाखल होतो. बहिणीलाच नाशिकला बोलवा. २६ जानेवारी, १५ ऑगस्ट, २ ऑक्टोबर आणि मतदानाआधीचे ४८ तास विक्री बंद असते, त्या जोडसुट्ट्या टाळून.

एप्रिलच्या उन्हात बंद गाडीची डिकी वाइन शिजवते. बाटल्या थर्माकोलच्या खोक्यात, पायाशी, एसीच्या झोतात ठेवा आणि वाटेत जेवायला थांबलात तर बरोबर उतरवा. घरी माळ्यावर, स्लॅबखाली ठेवू नका. कपाटाचा सगळ्यात खालचा, अंधारा कप्पा बरा. बुचाची बाटली आडवी, फिरकीच्या झाकणाची उभी. अशी व्हाइट वर्ष-दोन वर्षांत संपवा, उघडलेली फ्रिजमध्ये तीन-चार दिवसांत.