दुःख सोबत घेऊनच रुजू हो

चि. सौ. नव्हे, नुसतीच चि.,

अनेक आशीर्वाद. ‘मन जरा थाऱ्यावर आलं की चेन्नईला रुजू होईन’ हे तुझं वाक्य वाचून चिडलो, खरं सांगतो. आईला जाऊन तीन महिने झाले. मन थाऱ्यावर येण्याची तारीख कुणी कळवत नसतं गं. दुःख सोबत घेऊनच रुजू व्हायचं.

तिथे तिरुमयिलै स्टेशनाजवळ एक काळा, नाक दाबायला लावणारा कालवा दिसेल. लोकलच्या पुलाचे खांब त्याच्या पात्रातच उभे आहेत. तो बकिंगहॅम कालवा. रोज जाता-येता बघायचो, म्हणून नावामागचा माणूस शोधला.

बकिंगहॅमचा तिसरा ड्यूक. बापाने दहा लाख पौंडांवर कर्ज करून ठेवलेलं. १८४८ मध्ये इंग्लंडातल्या स्टो इथल्या वाड्यातल्या चीजवस्तूंचा लिलाव चाळीस दिवस चालला. पोरगा रेल्वे कंपनीचा अध्यक्ष झाला, पुढे मंत्री झाला. १८७४ मध्ये बायको कॅरोलाइन गेली. १८७५ च्या नोव्हेंबरात हा गडी मद्रासचा गव्हर्नर म्हणून हजर! थांबला नाही.

पुढच्याच वर्षी पावसाने दगा दिला. १८७६ ते ७८ चा तो दुष्काळ. कूवम आणि अड्यार या नद्यांमधला कालव्याचा आठेक किलोमीटरचा तुकडा दुष्काळी कामावरच्या मजुरांनी खणला. कलकत्त्याहून सरकारने दुष्काळाच्या कामासाठी पाठवलेल्या रिचर्ड टेंपल या अधिकाऱ्याने मजुराला दिवसाला एक पौंड धान्य आणि वर किरकोळ पैसे ठरवले. पौंड म्हणजे साडेचारशे ग्रॅम, आणि त्यावर दिवसभर माती उपसायची! मद्रासचे आरोग्याधिकारी डॉ. कॉर्निश याविरुद्ध भांडले, तेव्हा कुठे काही महिन्यांनी तिथली मजुरी वाढली. आपल्याकडेही मजुरांनी त्या एका पौंडावर काम टाकलं होतं आणि पुण्याच्या सार्वजनिक सभेने सरकारकडे अर्जामागून अर्ज केले होते. हाच टेंपल पुढे मुंबईचा गव्हर्नर झाला, ते असो.

ड्यूकची आरती ओवाळत नाही मी. त्याच्या राज्यात लाखो माणसं उपाशी मेली, आणि त्याच काळात उटीला त्याचा बंगलाही उभा राहत होता. पण दुःख घेऊन कामावर गेला, एवढं त्याचं मी घेतलं.

घेतलं म्हणजे शब्दशः. तुझी काकू गेली तेव्हा आमचा मुलगा नऊ वर्षांचा. चाळीस दिवसांत मी चेन्नईची बदली स्वीकारली आणि त्याला साताऱ्याला बहिणीकडे ठेवलं. लोक बोलले. बोलू देत! घरात बसून त्या रिकाम्या खुंटीकडे बघत राहिलो असतो तर पोराला काय मिळालं असतं? पगार मिळाला, शिक्षण झालं. माझं चुकलं नाही. दुःख सोबत घेऊनच जायचं असतं.

फक्त एक गोष्ट मला फार उशिरा कळली. ड्यूकला तीन मुली होत्या. त्यांना तो मद्रासला बरोबर घेऊन गेला होता.

तुझ्या धाकट्या भावाची दहावी मार्चमध्ये संपते ना? नोकरीवाल्यांना एप्रिलची तारीख माग. नाहीच म्हणाले तर आत्ता जा, पण खोली दोघांची बघ. आणि त्याला आधी विचार. मी विचारलं नव्हतं.

तुझा,
काका