जिना चढतात, दारात अडतात

प्रश्न : वडिलांना पार्किन्सन्स आहे. जिना ते सहज चढतात, पण दारातून जाताना पाय जमिनीला खिळतात. हे मनाचे खेळ तर नाहीत?

उत्तर : मुळीच नाहीत, आणि त्यांना तसं कुणी म्हणत असेल तर थांबवा. चालणं आपण विचार न करता करतो, ते मेंदूच्या खोलातल्या बेसल गँग्लिया या केंद्रांच्या जोरावर. या केंद्रांना डोपामिन हे रसायन पुरवणाऱ्या पेशी या आजारात मरत जातात आणि पाऊल आपोआप पडेनासं होतं. जिन्यात मात्र प्रत्येक पायरी डोळ्यांना दिसते. त्या खुणेवर पाऊल टाकायला मेंदू दुसरा मार्ग वापरतो, असं संशोधक मानतात.

मग सपाट जमिनीवरही खुणा द्या. फरशीहून वेगळ्या रंगाच्या चिकटपट्ट्या आडव्या लावा. दोन पट्ट्यांमध्ये त्यांच्या सहज पावलाइतकं अंतर हवं, साधारण ४० ते ५० सेंमी. दाराच्या अलीकडून सुरू करून पलीकडेही दोन-तीन पट्ट्या न्या. कडा उचकटल्या तर पाय अडकेल, तेवढं बघत राहा.

पाय अडला की हात धरून ओढू नका. धड पुढे जातं, पाय मागेच राहतात आणि माणूस तोंडावर पडतो. आधी त्यांना थांबू द्या, सरळ उभं राहू द्या. वजन एका पायावरून दुसऱ्यावर दोन-तीनदा झुलवायचं, मग आकडे मोजत मोठं पाऊल टाकायचं. तुमचं पाऊल त्यांच्यापुढे आडवं ठेवून ‘ओलांडा’ म्हटलंत तरी चालेल. वळायचं ते जागच्या जागी नको, मोठा वळसा घेऊन. आणि त्या वेळी त्यांच्याशी बोलू नका.

आठवडाभर पार्किन्सन्सच्या गोळीच्या आणि पाय अडण्याच्या वेळा लिहून ठेवा. ही नोंद डॉक्टरांच्या फार कामाची असते. गोळीचा असर ओसरताना पाय अडत असतील, तर वेळा किंवा मात्रा बदलून बहुधा फरक पडतो. असर पूर्ण असतानाही अडत असतील, तर मात्रा वाढवून सहसा उपयोग होत नाही.

प्रश्न : पार्किन्सन्सवरच्या लेव्होडोपा या औषधाची गोळी जेवणासोबत घेतली तर?

उत्तर : प्रथिनांमधली काही अमिनो आम्लं आतड्यातून आणि पुढे मेंदूत शिरताना याच औषधाची वाट अडवतात. म्हणून साधी गोळी जेवणाआधी अर्धा तास किंवा जेवणानंतर किमान तासाभराने घ्यावी. मळमळत असेल तर सोबत प्रथिनं कमी असलेलं थोडंसं खाणं चालतं. गोळी स्वतःहून एकदम बंद मात्र करू नका. ताप आणि अंग ताठरण्यापर्यंत मजल जाऊन जिवावर बेतू शकतं.