पोरी, ती अंगाई पुरती ऐकून घे

चि. पोरीस,
अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र परवा मिळालं. कोलकात्यात पोचून आठवडा होत नाही तोच शहराचा निकाल लावून मोकळी झालीस! दमट, जुनाट, सुस्त आणि संध्याकाळ झाली की उदास. लिहून ठेवलंस हे मात्र फार चांगलं केलंस. पहिल्या आठवड्यात जे डोळ्यांना खुपतं ते महिन्याभराने दिसेनासं होतं, आणि मग त्याबद्दल विचारायचंही राहून जातं. फक्त एवढं कर, की जे जे खटकलं त्याच्यापुढे 'का?' असं लिही आणि उत्तर मिळेपर्यंत खालची जागा कोरी ठेव.

उदासीचंच घे. डिसेंबरात तिथे पाच वाजता सूर्य मावळलेला असतो, कारण तुझ्या मनगटावरचं घड्याळ तेच असलं तरी कोलकाता मुंबईच्या साडेपंधरा अंश पूर्वेला आहे. एका अंशाला चार मिनिटं धर, म्हणजे तासाभराचा फरक पडतो. पूर्वी दोन्ही शहरांच्या वेळाच निराळ्या होत्या. कोलकात्याची वेळ मुंबईच्या ६२ मिनिटं पुढे असे, आणि ती १९४८ पर्यंत टिकली. तू मुंबईच्या सवयीने आठला उठतेस आणि पाचला अंधार पडला म्हणून हिरमुसतेस. सकाळचे उजेडाचे पावणेदोन तास रोज झोपेत घालवतेस. एकदा पहाटे उठून हावडा पुलाखालच्या मल्लिक घाटावर जा. फुलांचा बाजार तेव्हा भर रंगात असतो, झेंडूच्या माळांचे भारे डोक्यावर घेऊन माणसं धावत असतात. 'सुस्त' हा शब्द तिथे उभी राहून पुन्हा उच्चारून बघ.

आणि ज्या गर्दीने तू पहिल्याच दिवशी घाबरलीस ती कोलकात्याची नव्हतीच. स्टेशन हावड्यात आहे, आणि हावडा हे नदीच्या अलीकडचं वेगळं शहर. २०२४ पासून मेट्रो हुगळीच्या तळाखालून जाते, मिनिटभरही लागत नाही. रोजच्या कामाला ती उत्तम. पण एका रविवारी वेळ काढून स्टेशनजवळच्या घाटावरून लाँच पकड. हे शहर नदीच्या काठाने वाढलं, आणि ते नदीवरून पाहिल्याशिवाय त्याचा तोंडवळा कळत नाही.

जेवणाबद्दल फार लिहीत नाही. नदीच्या माशाला आपल्या समुद्राच्या माशाची चव नाही ही तुझी तक्रार खरी आहे, पण तिथल्या लोकांना आपला बांगडा दिलास तर तेही हेच म्हणतील. थंडी आहे तोवर खजुराच्या रसाच्या नव्या गुळाची 'संदेश' नावाची मिठाई खाऊन घे, नंतर तो गूळ मिळत नाही.

आता ज्या गोष्टीसाठी खरं तर हे पत्र लिहायला बसलो ती.

तुझ्या घरमालकिणीच्या आईने हसत हसत बर्गींची एक अंगाई म्हणून दाखवली, 'तुम्ही मराठी लोक' असं काहीतरी म्हणाल्या, आणि तू रागावून उठून गेलीस. वर मला विचारतेस, की त्यांना महाराजांचा इतिहास कसा समजावून सांगू? तो सांगायला पुढे पुष्कळ दिवस आहेत. आधी त्यांचा ऐक.

त्या अंगाईतले बर्गी म्हणजे आपले बारगीर, नागपूरकर रघूजी भोसल्यांच्या फौजेतले घोडेस्वार. १७४१ पासून १७५१ पर्यंत चौथाईसाठी जवळजवळ दरसाल ते बंगालवर चालून जात. वर्धमान, बीरभूम, मुर्शिदाबाद हा सगळा मुलूख त्यात होरपळला. गावं जळली, विणकर आणि रेशीमवाले घरदार टाकून नदीपार पळाले, आणि त्यातले कितीतरी जण कोलकात्याच्या आसऱ्याला आले. १७४४ मध्ये बंगालचा नबाब अलीवर्दी खान याने रघूजींचे सेनापती भास्करराम कोल्हटकर यांना भेटीला बोलावून दगा करून मारलं. आपल्याकडे सांगतात तो हा प्रसंग. त्याच्या अलीकडचं आणि पलीकडचं तिथे सांगतात. ते गाणं सैन्याबद्दल कमी आणि धास्तावलेल्या शेतकऱ्याबद्दल जास्त आहे: धान तर पाखरांनी खाल्लं, आता सारा कशाने भरू? पावणेतीनशे वर्षं होऊन गेली, तरी तिथल्या आया मुलांना निजवताना हे म्हणतात. ज्यांच्या घरात ही आठवण अशी पाळण्यापासून आहे, त्यांच्याशी वाद घालायला जाऊ नये.

याच भीतीने १७४२ मध्ये कोलकात्याच्या रहिवाशांनी शहराभोवती खंदक खणायला घेतला. सात मैलांचा बेत होता, निम्म्याच्या आसपास काम झालं. मराठे शहरापर्यंत आलेच नाहीत आणि खंदक तसाच राहिला. पुढे तो बुजवून तिथे सर्क्युलर रोड झाला, म्हणजे आज तू बसने रोज जातेस तोच आचार्य जगदीशचंद्र बोस रस्ता. उत्तरेला बागबाजारात मराठा डिच लेन नावाची गल्ली अजून आहे. तिथे जाऊन ये. मला वाटतं, आपल्या प्रत्येक मुलामुलीने आयुष्यात एकदा अशा गल्लीत उभं राहावं, जिथे आपलं नाव धास्तीने घेतलं गेलं होतं.

पण गोष्ट तिथे संपवू नकोस, तसं करणं दोन्ही बाजूंवर अन्याय होईल. त्याच बंगालमध्ये सखाराम गणेश देऊस्कर झाले. घराणं कोकणातलं, जन्म १८६९ चा, आता झारखंडात असलेल्या देवघर गावाजवळचा, आणि लेखणी अस्सल बंगाली. इंग्रजी राज्याने देशाची कशी लूट चालवली आहे ते त्यांनी १९०४ साली बंगालीत मांडलं, ते पुस्तक स्वदेशीच्या काळात घरोघर वाचलं गेलं, आणि १९१० मध्ये सरकारने त्यावर बंदी घातली. कोलकात्यात शिवाजी उत्सव रुजवला तो यांनीच. रवींद्रनाथांनी १९०४ मध्ये महाराजांवर दीर्घ कविता लिहिली तीही त्यांच्यामुळे, आणि १९०६ च्या उत्सवाला टिळक स्वतः गेले होते. बर्गींची अंगाई म्हणणाऱ्या शहराने शिवाजी महाराजांचा उत्सव केला, हे किती मोठं आहे बघ. एका मराठी माणसाने त्यांच्या भाषेत, त्यांचं दुःख आपलं मानून लिहिलं, म्हणून हे घडू शकलं असं मी मानतो.

तेव्हा आजींकडे परत जा. माफी मागण्याचा समारंभ नको, त्यांनाही अवघडल्यासारखं होईल. शेजारी बस आणि ती अंगाई पुन्हा म्हणायला सांग. तिच्या पुढच्या ओळी घरोघरी वेगळ्या असतात; त्यांच्या घरात कशी म्हणतात ते देवनागरीत उतरवून घे. त्यांना कोणी शिकवली, त्यांचं माहेर कुठलं, तेही विचार. माहेर वर्धमानकडचं असेल तर जास्तच ऐकायला मिळेल. तुझं बंगाली तोडकंमोडकं आहे याची लाज बाळगू नकोस, चुकतमाकत बोललीस तर त्या आवर्जून दुरुस्त करतील.

उतरवून घेतलंस की मला पाठव. मकरसंक्रांतीच्या आत आलं तर उत्तराबरोबर तिळाच्या वड्या धाडतो, अर्ध्या आजींसाठी.

तुझे,
सर